बास्करव्हिल पानावर फिकट का पडला

प्रश्न असा आला होता: “आजोबांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय. डेमी आकार, ३०० प्रती. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी भाषांतर, कारण निम्मी नातवंडं परदेशात आहेत. इंग्रजीसाठी काहीतरी जुनं, भारदस्त हवं म्हणून बास्करव्हिल फॉन्ट घेतला, वर्डमध्ये, ११ पॉइंट. वागळे इस्टेटच्या प्रेसमधून नमुन्याची पानं ऐरोलीला घरी आली ती फिकट, अक्षरं तुटल्यासारखी. प्रेसवाले म्हणतात टाइम्स घ्या. फॉन्ट चुकला की छपाई? आणि मराठीला त्याच्या जोडीला काय घ्यावं?”

ताई, आधी प्रेसवाल्यांवर रागावू नका. तुम्ही पाठवलेल्या पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहिली आणि निम्मं उत्तर तिथेच सापडलं. तुम्ही घेतलाय तो ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’. ऑफिसबरोबर येतो, नावात बास्करव्हिल आहे, म्हणून सगळे तोच उचलतात. पण त्यातली अक्षरं मूळ मुद्रक जॉन बास्करव्हिलची नव्हेत. त्याचं नाव गाजायला लागल्यावर १७६०च्या दशकात ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या टाइप ओतायच्या फाउंड्रीसाठी आयझॅक मूर याने त्याच्या धर्तीवर टाइप केला. त्या नकलेच्या मोठ्या आकारांवरून आलेला हा फॉन्ट. म्हणजे अक्षर मथळ्याचं, आणि तुम्ही त्यात अख्खं पुस्तक लावलंत.

शिशाचे खिळे हाताने जुळवून छापायच्या काळात ही गफलत होणं अवघड होतं. मी १९८७ साली चरईतल्या एका ट्रेडल प्रेसमध्ये जुळारी म्हणून लागलो. तिथे ८ पॉइंटची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, वेगळी, १२ची वेगळी, २४ची वेगळी. प्रत्येक आकाराचा पंच, म्हणजे ज्यावरून साचा करून खिळे ओतायचे तो पोलादी ठसा, मुळात कारागिराने स्वतंत्र कापलेला. लहान आकारात तो बारीक रेघाही जरा जाड ठेवायचा, अक्षरांची पोटं मोकळी ठेवायचा, कारण शाई पसरणार हे त्याला ठाऊक असे. केसासारखी रेघ काढायची हौस तो मोठ्या आकारात भागवून घ्यायचा. संगणक आल्यावर एकाच आराखड्यातून सगळे आकार फुगवून नाहीतर दाबून काढायची सोय झाली. ४८ पॉइंटला देखणी दिसणारी रेघ ११ पॉइंटला दाबली की कागदावर ती जवळजवळ उरतच नाही. तुमच्या पानावरचे तुटलेले ‘ई’ आणि ‘ओ’ ते हे.

शिवाय ओल्ड फेसला इटालिक नाही. तुमच्या भाषांतरात मराठी शब्द तिरप्या अक्षरात आहेत, ते वर्डने सरळ अक्षरं ढकलून तिरपी केलेली आहेत. खऱ्या बास्करव्हिलचं इटालिक त्याच्या हस्ताक्षराच्या शिकवणीतून आलेलं आहे, ते पाहिलंत तर हे ढकललेलं अक्षर पुन्हा वापरवणार नाही.

दुसरं कारण तुमच्या फाइलमधल्या काळ्या रंगाचं. त्याचे पुरे चार रंग झालेत. मजकुराचं अक्षर फक्त काळ्या शाईत जायला हवं. वर्डमधून निघालेल्या पीडीएफचं रूपांतर कुठेतरी निष्काळजीपणे झालं की काळ्यात निळा, लाल, पिवळाही मिसळतो, आणि यंत्रावर चार रंग केसभर जरी सरकले तरी बारीक रेघेच्या कडेला झालर येते. प्रेसला एवढंच सांगा, “टेक्स्ट सिंगल ब्लॅक करून घ्या.” त्यांना कळेल.

उरलेली गोष्ट कागदाची. ती नीट समजून घ्यायची तर बास्करव्हिल हा माणूस कोण होता ते पाहावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मला तोच भाग सांगायचा आहे.

जॉन बास्करव्हिल बर्मिंगहॅमचा. तरुणपणी हस्ताक्षर शिकवायचा आणि थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. पुढे जपानी धर्तीच्या चकचकीत रोगणाच्या वस्तूंच्या धंद्यात त्याने भरपूर पैसा केला. चाळिशी ओलांडल्यावर, साधारण १७५०च्या सुमारास, त्याला छपाईचा नाद लागला. पैसा घरचा, गिऱ्हाइकाची घाई नाही. पहिलं पुस्तक, रोमन कवी व्हर्जिलचं काव्य, बाहेर पडायला १७५७ साल उजाडलं. एवढी वर्षं तो नुसती अक्षरं काढत बसला नव्हता. दाब नेमका बसावा म्हणून त्याने यंत्र सुधारलं. शाई त्या काळच्या मानाने गडद काळी करून घेतली. त्या वेळच्या हातकागदावर जाळीच्या तारांच्या रेघा उमटलेल्या असत. बारीक रेघ अशा खडबडीत कागदावर टिकणार कशी? म्हणून जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतला विणलेल्या जाळीचा गुळगुळीत कागद त्या पुस्तकाच्या काही भागासाठी वापरला, आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून इस्त्री केल्यासारखे काढले. मजकूर पांढऱ्याशुभ्र मोकळ्या समासात बसवला, नक्षी जवळपास नाहीच.

म्हणजे अक्षर, शाई, कागद आणि यंत्र हे एकाच डोक्यातून एकमेकांसाठी निघालेलं होतं. आज आपण त्यातलं फक्त अक्षर उचलतो, ते घरच्या प्रिंटरवर नाहीतर खरबरीत कागदावर टाकतो आणि म्हणतो, फिकट आलं.

त्याच्या आधीच्या विल्यम कॅझलनचा टाइप घ्या. लेखणीचा हात त्यात अजून जाणवतो, जाड-बारीकचा फरक बेताचा. नंतरचे बोडोनी आणि दिदो घ्या. जाड ती खांबासारखी, बारीक ती दोऱ्यासारखी. बास्करव्हिल या दोहोंच्या मध्ये, म्हणून मुद्रणाच्या इतिहासात त्याला संक्रमणकाळचा टाइप म्हणतात. ओळखायचा असेल तर छोट्या ‘जी’चं खालचं पोट पाहा, ते बंद होत नाही, उघडंच राहतं. मोठ्या ‘क्यू’ची शेपटी झोकात बाहेर जाते, मोठ्या ‘ई’चा खालचा हात वरच्यापेक्षा लांब असतो. हस्ताक्षर शिकवणाऱ्याची सवय लपत नाही.

पंच मात्र त्याने स्वतः कापले नाहीत. ते जॉन हँडी नावाच्या कारागिराचं काम. आपल्याकडेही तेच: निर्णयसागर म्हटलं की जावजी दादाजींचं नाव निघतं, आणि ज्या सुबक नागरी खिळ्यांमुळे निर्णयसागरचं नाव झालं त्यांचे पंच कापणारे राणोजी रावजी आरू हे नाव छपाईतल्या लोकांनाही आठवावं लागतं.

टीकाही कमी झाली नाही. रेघा इतक्या बारीक की वाचणारे आंधळे होतील, असं लोक म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन याने १७६०च्या एका पत्रात बास्करव्हिललाच कळवलेला किस्सा आहे. असाच एक टीकाकार त्याला भेटला. फ्रँकलिनने कॅझलनच्या नमुन्याचा वरचा नावाचा भाग फाडला आणि तो कागद बास्करव्हिलचा म्हणून त्याच्या हातात दिला. गृहस्थाने त्यात जागोजागी दोष दाखवले, डोळे दुखल्याचंही सांगितलं. बिचारा आयुष्यभर कॅझलनच वाचत आला होता! तुमच्या बाबतीत प्रकार उलटा झालाय. नाव बास्करव्हिलचं आणि आत दुसरंच.

धंदा म्हणून बास्करव्हिलला यात फारसं मिळालं नाही. देवाधर्मावर विश्वास नसलेल्या या माणसाने १७६३ साली केंब्रिज विद्यापीठासाठी बायबल छापलं, आणि त्याचं ते काम आजही उत्कृष्ट मुद्रणाचा नमुना म्हणून दाखवलं जातं, पण प्रती खपेनात. १७७५ साली तो गेला. पत्नी सारा हिने पुढे पंच फ्रान्सला विकले. नाटककार बोमार्शे यांनी ते घेतले आणि व्होल्तेरच्या समग्र लेखनाची आवृत्ती केल गावी त्या टाइपात छापली. पंच हिंडत फिरत १९५३ साली फ्रेंच फाउंड्रीकडून केंब्रिजला भेट म्हणून परत आले. साराचं आधीच्या लग्नातलं आडनाव ईव्ह्ज. १९९६ साली झुझाना लिच्को यांनी बास्करव्हिलवरून केलेल्या फॉन्टला ‘मिसेस ईव्ह्ज’ हेच नाव दिलं. सुंदर आहे, पण छोटी अक्षरं फारच छोटी आणि सैल, म्हणून तुमच्या आतल्या पानांना नको.

मग आतल्या पानांना काय? १९२३ साली मोनोटाइपने बास्करव्हिल पुन्हा घडवला, आणि विसाव्या शतकातली कितीतरी इंग्रजी पुस्तकं त्यात छापली गेली. मॅकवर ‘बास्करव्हिल’ एवढ्याच नावाने जो मिळतो तो त्या घराण्यातला. घरी कोणाकडे मॅक असेल तर तो घ्या: ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १५. नसेल तर ‘लिब्रे बास्करव्हिल’ गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, परवान्याचीही कटकट नाही. पण तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे: अंगाने रुंद, छोटी अक्षरं उंच, बारीक रेघा धडधाकट. ११ पॉइंटला तो शाळेच्या वाचनमालेसारखा दिसेल. ९ किंवा साडेनऊला आणा, अंतर साडेचौदा ठेवा, मग पान बसतं. तुमच्या ७० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथोवर, म्हणजे त्या साध्या, किंचित पिवळसर, चकाकी नसलेल्या कागदावर, मला तर लिब्रेच जास्त भरवशाचा वाटतो. जुन्या खिळ्याची शाई कागदात दबून थोडी पसरायची आणि रेघेला अंग यायचं. आजच्या सपाट प्लेटच्या ऑफसेट छपाईत ते होत नाही, म्हणून रेघ मुळातच भरलेली हवी. हे पटायला हवं असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. १८९३ सालचं ग्रंथालय आहे ते, जुन्या खिळेछपाईची पुस्तकं तिथे पाहायला मिळतील. पानाच्या मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवा, अक्षरांचा उठाव लागेल. तीच शाई भिंगातून पाहा आणि शेजारी तुमचं नमुना पान धरा.

कागद बदलायची तयारी असेल तर फुगीर, खरबरीत बुक पेपर घेऊ नका. जाडीमुळे पुस्तक भरीव वाटतं खरं, पण बारीक रेघा त्यात बुडतात. आणि चकचकीत आर्ट पेपरही नको. बास्करव्हिल त्यावर धार लावल्यासारखा उमटतो, पण वाचताना दिव्याची तिरीप डोळ्यात येते.

आता मराठी. हा भाग इंग्रजी छपाईच्या पुस्तकांत सापडत नाही आणि आपल्याकडे कोणी विचारतही नाही, तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. रोमन लिपीची लेखणी आणि आपला बोरू यांची टोकं उलट्या बाजूंनी कापलेली असतात. रोमन गोलाईत जिथे जाड भाग येतो तिथे देवनागरीत बारीक येतो, आणि जिथे बारीक तिथे जाड. गॅरामाँडसारख्या जुन्या टाइपात जाड-बारीकचा हा कल स्पष्ट डावीकडे झुकलेला आहे, म्हणून पारंपरिक वळणाच्या देवनागरीशेजारी तो ठेवला की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे दिसतात. बास्करव्हिलचा कल जवळपास उभा आहे. त्यामुळे भांडण मिटत नसलं तरी आवाज कमी होतो. समोरासमोरच्या पानांसाठी तुम्ही नकळत चांगली निवड केलीत.

जोडीला ‘टायरो देवनागरी मराठी’ बघा. हाही मोफत. जाड-बारीकचा फरक जपणारं, पुस्तकी वळण. शिवाय त्यात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, म्हणजे मराठी रूपाचे, आपसूक येतात. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून हीच रूपं ठरवली, तरी अजून दर दुसऱ्या पत्रिकेवर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो. मराठी फॉन्ट तपासायची माझी एक ओळ आहे: “दुसऱ्या वाऱ्यावर राष्ट्रीय शल्य.” यात दोन्ही ‘ऱ्या’ची चंद्रकोर नीट आली, ‘ष्ट्री’ गुदमरली नाही आणि ‘ल्य’ तुटला नाही की फॉन्ट पास. फाइल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग दोन वेळा मुद्रितशोधन करा. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.

समान जोड म्हणून दोन्ही फॉन्ट १२ पॉइंटला लावू नका, पॉइंटचा आकडा दोन लिप्यांत एकाच मापाचा नसतो. मराठी ‘क’ची शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची इंग्रजी छोट्या ‘एक्स’पेक्षा जास्त आणि कॅपिटलपेक्षा कमी यावी, हे माझं माप. टायरो १२ला लावून सुरुवात करा, मग डोळ्याने अर्धा-अर्धा पॉइंट वर-खाली करा. मराठीच्या ओळींना अंतर १७ तरी लागेल, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतील. इंग्रजीला मात्र १७ द्याल तर ओळी विखुरतील. इथे मोह होतो की समोरासमोरच्या पानांवर ओळीसमोर ओळ यावी. सोडून द्या. पहिली ओळ आणि समास जुळवा, बाकी ओळी आपापल्या चालीने चालू द्या. भाषांतर कधीच मुळाइतकं भरत नाही, कुठल्यातरी पानावर चार ओळी उरणारच. परिच्छेदाचा आरंभ समोर आला तरी वाचणाऱ्याला पुरतं.

वर्डमध्ये हे सगळं करता येईल, पण जीव जाईल. प्रेसकडे किंवा ओळखीत कोणाकडे इनडिझाइन हे पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात करून घ्या आणि एक ग्रेप स्टाइल लावायला सांगा, म्हणजे मराठी परिच्छेदात आलेला रोमन शब्द आपोआप बास्करव्हिलमध्ये जाईल. नाहीतर टायरोतली स्वतःची रोमन अक्षरं आणि समोरच्या पानावरचा बास्करव्हिल अशी दोन इंग्रजी वळणं पुस्तकात फिरत राहतात.

बास्करव्हिल कुठे वापरू नये तेही सांगतो, कारण माझे हात पोळलेत. नौपाड्यात स्वतःचं डीटीपी सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका संस्थेच्या स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत गडद मरून पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लावलं, ७ पॉइंट बास्करव्हिल. पडद्यावर काय दिसत होतं! छापून आलं तेव्हा शाईने सगळ्या बारीक रेघा गिळल्या होत्या, ‘एच’ आणि ‘एन’चे नुसते खांब उरले होते. अख्खा फॉर्मा, म्हणजे एका तावावरची सगळी पानं, माझ्या खर्चाने पुन्हा छापला. तेव्हापासून रंगावर पांढरं लहान अक्षर, कापडावरची स्क्रीन छपाई, वर्तमानपत्री कागद आणि दुकानाची पाटी या चार ठिकाणी मी त्याला जाऊ देत नाही. लग्नाच्या पत्रिकेला मात्र गुळगुळीत आयव्हरी कार्डावर काळ्या शाईत तो शोभतो, फक्त सोनेरी फॉइलचा हट्ट असेल तर १४ पॉइंटच्या खाली उतरू नका.

बास्करव्हिलमध्ये लिहिलेलं लोकांना जास्त खरं वाटतं, असं तुमच्या मित्राने सांगितलंय. अमेरिकी चित्रपटकार एरॉल मॉरिस यांनी २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांवर तसा प्रयोग केला होता, सुमारे ४५ हजार जणांनी उत्तरं दिली आणि बास्करव्हिल खरोखर पुढे होता. पण फरक अगदी किरकोळ होता. आजोबांच्या आठवणी खऱ्या वाटाव्यात म्हणून त्या फॉन्टवर भिस्त ठेवायची गरज पडेल असं तुमची सात पानं वाचून मला वाटलं नाही. कारखान्याच्या पहिल्या पाळीचं वर्णन वाचताना तर मी टाइप बघायचंच विसरलो.

टाइम्सचा सल्ला प्रेसवाल्यांनी वाईट हेतूने दिलेला नाही. तो कुठेही टाका, उमटतो. १९३२ साली लंडनच्या टाइम्समध्ये वापरात आलेला हा टाइप स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी रेखाटला, तो वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यांत जास्त मजकूर मावावा आणि स्पष्ट दिसावा म्हणून. डेमीच्या सव्वाचार इंची ओळीत तो दाटीवाटीने बसतो, आणि गेली तीस वर्षं प्रत्येक अर्ज, नोटीस आणि प्रकल्प अहवाल त्यात पाहून आपल्या डोळ्यांना तो ऑफिसचा वाटायला लागलाय. आजोबांच्या पुस्तकाला मी तो घेणार नाही.

आता करायचं ते असं. एकच प्रकरण घ्या, दोन पानांचं. इंग्रजी एकदा मॅकच्या बास्करव्हिलमध्ये आणि एकदा लिब्रेमध्ये लावा, मराठी टायरोमध्ये. अक्षर सिंगल ब्लॅक. पीडीएफ प्रेसला देताना सांगा की नमुना ऑफिसच्या प्रिंटरवर नको, ज्या यंत्रावर आणि ज्या कागदावर पुस्तक छापणार त्यावरच हवा. ३०० प्रती बहुतेक डिजिटलवर जातील, आणि टोनरचं अक्षर ऑफसेटपेक्षा वेगळं उमटतं, म्हणून एकाचा नमुना दुसऱ्याला चालत नाही. पानं दुपारच्या उजेडात पाहा, रात्री ट्यूबलाइटखालीही पाहा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. काहीही न सांगता. त्यांनी पान लांब धरलं की अर्धा पॉइंट वाढवा.

आणि ओल्ड फेस काढून टाकू नका. मुखपृष्ठावर आजोबांचं इंग्रजी नाव त्याच अक्षरात लावा, ४८ पॉइंट, अक्षरांमध्ये जरा मोकळी जागा सोडून. त्यांच्या आडनावात मोठा ‘आर’ आहे, त्याचा पाय त्या आकाराला काय दिसतो ते बघाच.